कॅरिअरवाली सायकल

बहिणीकडे आठवडाभर राहायला गेलेला भाऊ सहसा दोनच कामं करतो. खातो आणि झोपतो. मीही त्याच तयारीने गेलो होतो. पण पहिल्याच संध्याकाळी ताईने माझ्यासमोर चहा ठेवला, खोलीचं दार हलकेच लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ढब्या, मला सायकल घ्यायचीय."

ढब्या म्हणजे मी. हे नाव माझ्या पाचव्या-सहाव्या वर्षी पडलं आणि तेव्हा त्याला कारण होतं. आजही आहे, पण ते वेगळं. ज्या कचेरीतून मी निवृत्त झालो तिथे मी आत शिरलो की माणसं उठून उभी राहत. ताईच्या लेखी मात्र मी अजून ढब्याच आहे, आणि ती मला चारचौघांत त्याच नावाने हाक मारते.

ताईची सत्तरी उलटली आहे. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली. ती मुला-सुनेकडे अकराव्या मजल्यावर राहते. भाचा आणि सूनबाई इतके चांगले आहेत की त्यांच्याशी भांडायला जागाच सापडत नाही. भाजी दारात येते. औषधं दारात येतात. वाचनालयाची पुस्तकं दारात येतात. ताईने एकदा सहज म्हटलं, केस कापायला हवेत, तर केस कापणारी बाईसुद्धा दारात आली.

"खाली उतरायला कारणच ठेवलं नाही रे यांनी," ताई म्हणाली. "सगळं कसं छान आहे. मी बसून असते."

"मग चालायला जा ना."

"चालताना गुडघा दुखतो. सायकलवर दुखणार नाही, डॉक्टरच म्हणाले. बाजार उद्यानाच्या पलीकडे आहे. मला तिथे जायचंय. टोमॅटो स्वतःच्या हाताने दाबून बघायचाय. कोण कुठला माणूस माझ्यासाठी टोमॅटो निवडतो आणि मी खाते, हे मला पटत नाही."

मी हो म्हटलं. रविवारी माझी परतीची गाडी होती, त्याआधी एक सायकल घ्यायची, त्यात काय मोठं? शहर एवढं थोरलं. आमच्या गावातसुद्धा एकेकाळी सायकलची तीन दुकानं होती.

"आणि एक," ताई म्हणाली. "कॅरिअर पाहिजे. मजबूत. बिनकॅरिअरची सायकल मला फुकट दिली तरी नको."

भाजीसाठी असणार, असं मी धरून चाललो.

भाच्याला सांगितलं तेव्हा तो हातातला घास तसाच धरून आईकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. ही सगळी फूस माझीच आहे हे त्याने त्या एका नजरेत ठरवून टाकलं. "आई, या वयात पडलीस तर?" तो म्हणाला. "हाड मोडलं तर ते जुळत नाही लवकर." तो घाबरला होता. वडील गेल्यापासून तो आईच्या शिंकेलाही घाबरतो. शेवटी बरीच ओढाताण होऊन तह झाला. आम्ही दुकान शोधायचं. सायकल घरी येण्याआधी ताईने त्याच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवायची. जमलं तर ठीक. नाही जमलं तर विषय कायमचा बंद.

"कायमचा," ताईनेही मान डोलावली. मला तो शब्द मुळीच आवडला नाही.

इमारतीत बातमी लिफ्टने फिरते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तोपर्यंत ती माझ्याआधी पोहोचली होती. पहिले भेटले ते सहाव्या मजल्यावरचे घड्याळवाले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांना वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. ते म्हणाले, "सायकल घ्यायची तर एकच दुकान. बाकी सगळा कचरा." त्यांच्या पाठोपाठ निवृत्त इंजिनिअर आले. तेही म्हणाले, एकच दुकान. पण ते दुसरं. मग दोघांचं एकमेकांत जुंपलं, आणि मी मध्ये उभा असताना इमारतीचे सेक्रेटरी आले. सायकल ठेवणार कुठे, हा त्यांचा प्रश्न. खालची जागा वाहनांसाठी. वाहनाला नंबर लागतो. सायकलला नंबर नसतो, म्हणजे ती वाहन नाही. आणि जिन्यात कोणतीही वस्तू ठेवायला बंदी.

"मग ती आहे तरी काय?" मी विचारलं.

"तेच तर समितीला ठरवावं लागेल," ते गंभीरपणे म्हणाले. समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती. मी त्यांना सांगितलं की सायकल ताईच्या खोलीत राहील, पलंगाशेजारी. त्यावर त्यांनी लिफ्टमधून चाकाची वस्तू नेण्याबद्दलचा नियम काढला. व्हीलचेअर चालते का, असं मी विचारल्यावर त्यांनी तोही प्रश्न समितीसाठी लिहून घेतला.

आधी आम्ही घड्याळवाल्यांनी सांगितलेल्या दुकानात गेलो. काचेचं दार, आत गारठा. सायकली जमिनीवर नव्हत्याच. भिंतीवर टांगलेल्या, वरून दिवे सोडलेले. एक चटपटीत विक्रेता पुढे आला आणि मला म्हणाला, "सर, तुमचं ध्येय काय?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "भाजी."

त्याने ते मनावर घेतलं नाही. टेप काढली आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांच्या मधून माप घ्यायला खाली वाकला. आजूबाजूला माणसं होती. "अहो, मला नाही, हिला!" मी ओरडलो, आणि लगेच लक्षात आलं की हे त्याहून वाईट बोललो. ताई मात्र पोट धरून हसत होती. "ढब्या, उभा राहा की नीट, माप चुकेल," असं तिने मोठ्याने म्हटल्यावर दुकानातल्या सगळ्यांना माझं नाव कळलं.

मग त्याने एक सायकल काढली. तिला मडगार्ड नव्हतं. स्टँड नव्हता. घंटी नव्हती. चेनवर कव्हर नव्हतं. "वजन वाढतं, सर," तो प्रत्येक वेळी म्हणायचा. मी बारकाईने पाहिलं तर पाय ठेवायलाही जागा दिसेना.

"हिला पायडल कुठेत?"

"पायडल वेगळे घ्यावे लागतात. ज्याच्या त्याच्या आवडीचे."

"आणि कॅरिअर?" ताईने विचारलं.

विक्रेत्याचा चेहरा असा झाला, की जणू तिने देवळात चपला घालू का असं विचारलं. कॅरिअर या सायकलला बसतच नाही म्हणाला. ताई उठली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबांची सायकल आठवते? तिच्यावर एवढं सामान होतं की सायकल कुठे आहे ते शोधावं लागायचं."

कशी न आठवेल? बाबांची सायकल काळी होती आणि उंच. पुढे दिवा, चाकाला टेकलेला डायनॅमो, मागे स्प्रिंगची चाप असलेलं कॅरिअर. सुटीच्या दिवशी बाबा ती अंगणात उलटी करत आणि एकेका तारेवरून फडकं फिरवत. तेलाचा वास त्यांच्या हाताला जेवतानाही यायचा. आईला तो आवडत नसे. मला आवडायचा. आजही कुणाच्या शिवणयंत्राला तेल घातलेलं असलं की मी उगीच थोडा वेळ तिथे रेंगाळतो आणि काहीतरी विचारतो.

इंजिनिअरसाहेबांनी सांगितलेलं दुकान शोधण्यात आख्खी दुपार गेली. त्यांनी नकाशा इतका सविस्तर काढून दिला होता की त्यात एक झाडसुद्धा होतं. झाड सापडलं. दुकानाच्या जागी गाद्यांचं दुकान होतं. गादीवाला हसतमुख माणूस. "तुम्हाला उंच, टक्कल असलेल्या साहेबांनी पाठवलं ना?" तो म्हणाला. "सायकलवाले कधीच गेले. पण ते साहेब अजून माणसं पाठवतात. दमून येतात बिचारी, म्हणून मी गादी दाखवतो. काही घेतातसुद्धा." ताई एका गादीवर आडवी झाली आणि तिला दहा मिनिटं डुलकी लागली. मी शेजारी स्टुलावर बसून राहिलो. येणारंजाणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी ताईकडे बघायचं, मग माझ्याकडे. गादीवाला त्यांना सांगायचा, "बघा, किती शांत झोप लागते." आम्ही त्या दिवशी सायकल घेतली नाही, पण त्याच्या दोन गाद्या खपवल्या.

घरी पोहोचलो तर दिवाणखान्यात एक भलंमोठं खोकं. भाच्याने आमच्या पाठीमागे सायकल मागवली होती. तो आनंदाने खोकं फोडत होता. ताईचा चेहरा क्षणभर उजळला. मग खोक्यातून जे बाहेर आलं त्याला एकही चाक नव्हतं. ती व्यायामाची सायकल होती. जागच्या जागी चालणारी.

"आई, पडायची भीतीच नाही!" भाचा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, ती जोडताना बोटाला खरचटलं होतं. त्याचं मन मोडवेना म्हणून ताई बसली. पायडल मारू लागली. समोर भिंत. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, किती लांब आहे अजून?"

"काय, आई?"

"बाजार."

भाचा खोक्याचे पुठ्ठे गोळा करू लागला. सूनबाई स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या सायकलवर टॉवेल वाळत पडू लागले आणि तेवढ्या कामासाठी ती खरोखर उत्तम होती.

माझ्या मुक्कामाचे दिवस संपत आले होते. आता कुणाचा सल्ला घ्यायचा नाही, असं मी ठरवलं. ज्याची सायकल आपल्याला हवी तशी आहे, त्यालाच गाठायचं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं टॅक्सीत बसून निघालो, आणि उद्यानाच्या वळणावर ती दिसली. काळी सायकल, मडगार्ड, चेनकव्हर, पुढे घंटी, मागे दणकट कॅरिअर आणि त्यावर कापडाचं गाठोडं. एक ठेंगणी बाई ती रुबाबात हाकत चालली होती.

"त्या सायकलच्या मागे घ्या," मी ड्रायव्हरला म्हटलं. "पण पुढे जाऊ नका."

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "काय भानगड आहे?"

"भानगड नाही हो. आम्हाला ती सायकल आवडलीय."

त्याला ते पटलं नसावं, पण ताईकडे बघून त्याने गाडी त्या बाईंच्या मागे घातली. सायकलच्या वेगाने टॅक्सी चालवणं ही सोपी गोष्ट नाही. मागचे सगळे भोंगे वाजवत होते. बाई डावीकडे वळल्या, आम्ही वळलो. त्या थांबल्या, आम्ही थांबलो. त्यांनी मुद्दाम एका चौकाला फेरी मारली, आम्हीही मारली. शेवटी त्यांनी सायकल आडवी घातली, तरातरा आल्या आणि खिडकीतून मला म्हणाल्या, "लाज नाही वाटत? पांढरे केस झालेत!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण निवृत्त अधिकाऱ्याची भाषा अशा वेळी कामाला येत नाही. मी म्हटलं, "बाई, मला तुमचं कॅरिअर..." आणि वाक्य तिथेच अडकलं. ताईने पलीकडून डोकं पुढे काढलं नसतं तर मी परतीची गाडी पोलीस चौकीतूनच पकडली असती. बाई शिवणवर्ग चालवत होत्या. सगळं ऐकल्यावर इतक्या हसल्या की त्यांना टॅक्सीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं. मग त्यांनी पत्ता सांगितला. छापखान्यांच्या मागची गल्ली, हिरवं दार.

मी फोन करताच भाचा शब्दाला जागला आणि थेट तिथेच आला. दुकान लहान होतं. सायकली जमिनीवर होत्या, चाकांवर उभ्या. हवेत रबराचा आणि तेलाचा वास. मालकीणबाई पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत काळे. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं, भाच्याने मध्येच सुरक्षिततेचा मुद्दा काढला. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलंच नाही. त्या ताईला म्हणाल्या, "बसून बघता?"

त्यांनी निळ्या रंगाची एक बुटकी लेडीज सायकल काढली, सीट खाली घेतली. ताई बसली. पाय जमिनीला टेकले. तिने हँडल घट्ट धरलं.

"कॅरिअर मजबूत पाहिजे म्हणे," बाईंनी विचारलं. "काय ठेवणार त्यावर?"

ताईने माझ्याकडे बोट केलं. "हा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मला त्या पहिल्या दुकानातली टेप बरी वाटायला लागली.

"आई, काय बोलतेस?" भाचा म्हणाला.

मला मात्र एकदम सगळं कळलं होतं. बाबांच्या त्या सायकलला, एवढं सगळं सामान असलेल्या सायकलला, ब्रेक नव्हते. म्हणजे होते, पण लागत नसत. बाबा इतके सावकाश चालवायचे की त्यांना ब्रेकची गरजच पडली नाही आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केले नाहीत. ताई मात्र वाऱ्यासारखी सोडायची. ती पुढे, मी मागे कॅरिअरवर. "पाय!" असं ती ओरडली की मी दोन्ही पाय खाली टाकून घासायचो. आमचा ब्रेक मी होतो. माझ्या चपलांच्या टाचा महिन्यात संपायच्या आणि आई चांभाराला बोल लावायची. शाळा, नदी, मावशीचं घर, सगळीकडे आम्ही असेच गेलो. मग ताईचं लग्न झालं. सासरी सायकल नव्हती. आणि मी सायकल चालवायला कधी शिकलोच नाही, कारण चालवणं हे ताईचं काम होतं.

"मी कधी एकटीने चालवलीच नाही रे," ताई भाच्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. "मागे हा असायचा. मला थांबता येत नाही."

गल्लीत छापखान्याची यंत्रं धडधडत होती. भाचा पुढे झाला. तो आता म्हणणार, राहू दे आई, असं मला वाटलं आणि मला फार वाईट वाटलं. तो सगळा विषय तिथे कायमचा बंद झाला असता.

मालकीणबाईंनी ताईचा हात उचलून हँडलवर नीट ठेवला. बोटं ब्रेकवर आणली. "दाबा," त्या म्हणाल्या. ताईने दाबलं. "सोडा. परत दाबा. गल्ली मोकळी आहे. त्या खांबापर्यंत जा, दाबा, उतरा. यांना बसवायचं ते मग बघू."

ताई निघाली. पहिले काही हात सायकल डुलली, भाचा श्वास रोखून उभा. मग ती सरळ झाली. तिची पाठ सरळ झाली. मी इतकी वर्षं ती पाठच बघितली होती, मला समोरचा रस्ता कधी दिसलाच नव्हता. खांब जवळ आला. माझे दोन्ही पाय आपोआप ताठ झाले आणि मी फरशीवर टाचा रोवल्या. सायकल थांबली. ताईने पाय टेकला, सायकल वळवली, पुन्हा बसली आणि परत आली. येताना तिने घंटी वाजवली. कुणीही मध्ये नव्हतं, तरी वाजवली.

दारात येऊन थांबली तेव्हा तिला धाप लागली होती आणि चेहरा लाल झाला होता.

"दूधवाल्यांचं कॅरिअर आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "यांचं वजन पेलेल. बसवू?"

मी शर्ट पोटावर नीट ओढून पुढे झालो.

"नको," ताई म्हणाली. "पुढे टोपली लावा. भाजीला."

टोपली! मी, ज्याने ऊन म्हटलं नाही, चिखल म्हटला नाही, चपला झिजवल्या, त्याच्या जागी वेताची टोपली. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम, आणि ते लपवायला मी टोपली नीट बसली आहे का हे वाकून तपासत राहिलो. ताईने माझ्या डोक्यावर टपली मारली.

सायकल घरी कशी न्यायची यावर भाच्याने टॅक्सीची गोष्ट काढली. ताई तोपर्यंत सीटवर बसली होती. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली, थांबली, आणि मागे वळून ओरडली, "ढब्या, भाजी कसली आणू?"

"आई, थांब!" भाचा धावायला निघाला.

मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला आणि दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या. तो जागच्या जागी थांबला. तो चकित होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला काय माहीत, हे काम मला उत्तम येतं.

"काहीही आण!" मी ओरडलो. ताईने हात वर केला आणि ती गल्लीबाहेर वळली.